दोनचा आणि चारचा रकाना

९ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच ठेवून दिलंस, तरी मी काही म्हणणार नाही. पण फोडलंसच तर शेवटपर्यंत वाच, एवढीच विनंती.

इकडे सगळं ठीक. मार्चपासून मी घरीच असते. लेक नोकरीसाठी लांब आहे, रविवारी फोन करते आणि लहान मुलाला शिकवावं तशी मलाच शिकवते. तुझा पत्ता हॉस्पिटलच्या स्टोअरच्या मावशींनी दिला. तुझे गुडघे दुखतात हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्यांच्याकडून काय कळत नाही म्हणा!

हल्ली आपला वॉर्डातला तो अभ्यास फार आठवतो. मोठे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "दुर्मीळ आजारांवर सगळेच लिहितात. आपण रोज डोळ्यांसमोर असतं त्याचं बघू. माणूस छातीच्या नाहीतर लकव्याच्या उपचाराला येतो आणि पडून पडून पाठीला जखम घेऊन जातो. किती जणांचं असं होतं? किती तासांनी कूस बदलली तर टळतं?" मग खिडकीकडच्या रांगेतल्या पेशंटांना दोन तासांनी वळवायचं, भिंतीकडच्यांना चार तासांनी, असं ठरलं. प्रत्येकाच्या उशाशी तक्ता. वेळ, कूस, कातडीचा रंग, सही.

तक्ते भरण्यात कसला आनंद असतो, असं कोणी विचारलं तर काय सांगणार? पण होता. तू मला बोट धरून शिकवलंस म्हणायचं ते खरंच बोट धरून. माझं बोट पेशंटच्या खुब्यावर ठेवून म्हणालीस, "दाब. आता उचल. लाली गेली तर सोडून द्यायचं, राहिली तर लिहायचं. आणि लिहिताना आपण काय केलं ते लिहायचं, काय करायला हवं होतं ते नाही." पेशंटांतले हेडमास्तर आठवतात? आपण काय लिहितो ते चष्मा लावून तपासायचे आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. "सिस्टर, 'कूस'चा कू दीर्घ!" मी सगळीकडे भिरभिरत असायची म्हणून भिंगरी हे नाव तूच पाडलंस. वर्षभरात मोठे डॉक्टरसुद्धा राउंडला "भिंगरी कुठाय?" असं विचारू लागले. दुपारी लिनेनच्या खोलीत दुमडलेल्या चादरींच्या ढिगावर बसून आपण एका कपातला चहा दोघींत प्यायचो. त्या खोलीचा वास, धुतलेल्या कापडाचा आणि जंतुनाशकाचा, अजून कुठे आला तर मी सव्वीस वर्षांची होते.

आणि शिंपीकाका. त्यांना वळवायला घेतलं की म्हणायचे, "काय हो, उलट्या बाजूने शिवण बघताय? पक्की आहे, उसवायची नाही."

इथवर लिहिलं आणि उठले. चहा केला, प्यायला नाही. आता लिहितेच.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तुला नव्या पेशंटकडे बोलावलं. जाताना तू मला म्हणालीस, "शिंपीकाकांची दोनची आणि चारची पाळी तुझ्याकडे. मला यायला उशीर होईल." तू सांगितलं होतंस, ताई. नीट, स्पष्ट सांगितलं होतंस. मी "हो" म्हणाले होते.

दोनला पाच कमी असताना जिन्याच्या वळणावर रक्त तपासणीच्या खोलीतल्या यांनी मला गाठलं आणि लग्नाचं विचारलं. त्यापुढे माझे पाय जमिनीवर नव्हते. परत आले, कोणाचं तापमान घेतलं, कोणाला पाणी दिलं, सगळ्यांशी हसले. शिंपीकाका पाठीवरच होते. झोपलेत असं वाटलं. दोनचा रकाना कोरा राहिला, चारचाही राहिला. सहाला तू आलीस, त्यांना वळवलंस, आणि माकडहाडावरची ती गर्द लाली. बोट दाबून उचललंस. गेली नाही.

तिसऱ्या दिवशी कातडी फाटली. डॉक्टरांनी आपल्या दोघींना खोलीत बोलावलं. खिडकीकडची रांग तुझ्या जबाबदारीची होती. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही. ताई बहुतेक सांगायला विसरल्या."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर मी कदाचित खरं बोलले असते. पण तू घाबरली होतीस. तुझी आई तेव्हा तुला ओळखेनाशी झाली होती. आठवड्यापूर्वीच चादरींवर बसून तू मला विचारलं होतंस, "माझंही असंच होईल का गं?" मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच नेमकं ते वाक्य तोंडातून गेलं, की भीतीने सुचेल ते बोलले, हे मला आजही धड सांगता येत नाही. तू हळूच म्हणालीस, "असेल. राहिलं असेल माझ्याकडून."

महिन्याभरात तू राजीनामा दिलास. सगळ्यांना सांगितलंस, आईकडे बघायला कोणी नाही. निघताना माझं अभिनंदन केलंस. मी तुला लग्नाला बोलावलं नाही.

शिंपीकाकांची जखम भरायला चार महिने लागले. घरी गेले, पण मशीनवर बसणं सुटलं ते सुटलंच. जखम रोज मीच बांधायची. मला म्हणायचे, "पोरी, तू आहेस म्हणून बरं आहे." अभ्यासाचा अहवाल छापून आला तेव्हा आभारांत माझं नाव होतं. तुझं नव्हतं.

आता मार्चचं सांगते. यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं थोडं परत आलंय. मी नोकरी सोडली. दर दोन तासांनी यांची कूस बदलते, घड्याळ लावून. आठ महिन्यांत पाठीवर डाग नाही. लेक म्हणते, आई, किती गं करतेस! मला ते ऐकवत नाही. गेल्या महिन्यात यांना वळवताना सगळं सांगून टाकलं. यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "पत्र लिही. फोन नको. फोनवर तू गोड बोलशील."

म्हणून पत्र. माफी मागते असं लिहिलं आणि खोडलं, कारण मागितली की तुला काहीतरी द्यावं लागणार. तू काही देऊ नकोस. फक्त हे तुझ्याकडे असू दे, की तू विसरली नव्हतीस.

भिंगरी


२७ नोव्हेंबर

भिंगरीस,

पत्र पोचलं. लगेच फोडलं होतं. उत्तराला पंधरा दिवस लागले, कारण पहिले चार कागद मी फाडले. त्यांत जे लिहिलं होतं ते तू ऐकायला हवं होतंस, पण आजारी माणसाच्या घरी तसलं पत्र जाऊ नये.

तुला वाटतं मी तुझ्यावर रागावून गेले. मला तुझा संशयसुद्धा आला नव्हता गं. मी स्वतःलाच भिऊन गेले. आज दोन रकाने राहिले, उद्या औषधाचा डोस चुकला तर? आईसारखं सुरू झालं असेल तर वॉर्डात उभं राहायचा मला हक्क नाही, असं ठरवून टाकलं. त्यानंतर कुठेच नोकरी केली नाही. आई गेल्यावर बोलावणं आलं होतं, नाही म्हणाले. सव्वीस वर्षं गॅसचं बटण तीनदा बघते, दाराला कुलूप लावलं की परत जाऊन ओढून बघते. फ्रिजवर चिठ्ठ्या, आरशावर चिठ्ठ्या. भाची हसते. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि अजून काहीही विसरलेले नाही. तरी रोज सकाळी उठून वाट बघते, आज होणार म्हणून.

आणि आता ऐक. त्या दुपारी तू तिसऱ्या कॉटपाशी उभी होतीस, थर्मामीटर झटकत होतीस. मी दारातून सांगितलं, दोनची आणि चारची. तू न वळता "हो ताई" म्हणालीस. हे मला तेव्हाही आठवत होतं. डॉक्टरांच्या खोलीतही आठवत होतं. पण तू नाही म्हणालीस, आणि तू माझ्याशी खोटं बोलशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून मी ठरवलं की माझीच आठवण खोटी. तुझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला.

हे मी माफ करू शकेन की नाही, माहीत नाही. या महिन्यात तरी नाही.

पण काल आरशावरच्या चिठ्ठ्या काढल्या. रात्री कुलूप एकदाच लावलं.

त्यांच्या टाचांकडे लक्ष दे. पाठ सगळे बघतात, टाचा राहून जातात. उशी टाचेखाली ठेवू नकोस, पोटरीखाली ठेव, टाच अधांतरी राहिली पाहिजे. आणि स्वतः जेवून घे. तू उभ्याउभ्या खातेस, मला माहीत आहे.

पत्राच्या शेवटी 'तुझी' लिहायची रीत आहे. लिहायला घेतलं, पण आज हात धजत नाही. आज नुसतंच,

ताई