सुहैरबाईंनी न सांगितलेला प्रसंग

प्रिय रऊफ,

ईद छान झाली. आता आधी मला काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढचं वाच. मी जुमानाला तो सिनेमा दाखवला. हो, तोच, काळ्या मुखवटेवाल्याचा. "ताई, काही झालं तरी पोरीला मरणाबिरणाचं काही दाखवू नकोस," असं तू कुवेतहून फोन करकरून बजावलं होतंस, तोच. झालं ते झालं. मी मजेत आहे, पोरगी मजेत आहे, आणि फ्रिज मटणानं फुटायला आलाय.

तुझी पोर वकील होणार, लिहून ठेव. ईदच्या सकाळी कसाई इमारतीच्या दारात आला तेव्हा मेंढ्याची दोरी हिनंच धरली. पायरीवरचं रक्तही हिनंच बादल्या ओतून धुतलं आणि मजल्यामजल्यावर वाटे पोचवून आली. मग फत्त्याचं, भात-मटणाचं ताट पुढ्यात ओढून म्हणते कशी, "आत्या, सकाळी खरं रक्त चाललं आणि संध्याकाळी पडद्यावरचा टोमॅटोचा रस नाही चालत? विचार ना बाबांना!" वर्गातल्या सगळ्या मुली ईदी मुठीत धरून निघालेल्या. ईदला सिनेमा नाही तर ईद कसली रे? आपण नाही का जायचो? पोस्टरवर बारा वर्षांखालच्यांना मनाई होती, आणि ही तर तेराची.

तरी मी डोळे मिटून नेलं नाही हं. खालच्या मजल्यावरच्या सुहैरबाई आदल्या दिवशीच बघून आल्या होत्या. त्यांना खोदून खोदून विचारलं. म्हणाल्या, "पूल कोसळतो तिथं पोरीचे डोळे झाक. गोदामात तो मेला दात उपटतो, तिथंही झाक. आणि गच्चीवर एक चुंबन आहे, तिथं तर बाई, दोन्ही हातांनी झाक! बाकी अगदी घरगुती आहे." तिकीट खिडकीवर मी पोरीचं वय सांगायला गेले, तर तो आगाऊ म्हणतो, "पोरीचं ठीक आहे हो हाज्जा, तुम्हांला झेपेल का?"

पूल झाला, गोदाम झालं. खरं सांगायचं तर डोळे मीच मिटले. ही माझ्या बोटांच्या फटीतून सगळं बघत होती. आणि मग तो प्रसंग आला. ना रक्त, ना किंकाळी. तो मुखवटेवाला मुखवटा काढून आईच्या खाटेशी बसतो आणि तिचे विरळ झालेले केस विंचरतो. विंचरता विंचरता ती जाते. रऊफ, आपल्या माजिदाचे केस शेवटी तसेच झाले होते, आणि जुमानाच आईचे केस विंचरायची. माजिदा गेल्यापासून दीड वर्ष या घरात तिचं नाव निघालं नाही. फोटो माझ्या कपाटात, चादरींखाली. तूच म्हणाला होतास, नाव काढलं नाही की पोर सावरेल, आणि मलाही ते पटलं होतं. मी जुमानाचा दंड धरला, म्हटलं चल बाहेर. तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बस ना आत्या. ह्याला निदान आईबद्दल बोलू तरी देतात."

मग काय, मीच ढसाढसा रडले. ती माझी पाठ थोपटत होती आणि स्वतःही रडत होती. पुढच्या बाईनं मागं वळून रुमालांचं अख्खं पाकीटच दिलं. गच्चीवरचं चुंबन कधी आलं नि गेलं, आम्हां दोघींना पत्ताच नाही.

बाहेर पडून समुद्राच्या कडेनं भाजलेली कणसं खात चाललो, आणि पोरीच्या तोंडाचा बांध फुटला. आई अशी चालायची, आई असं रागवायची. मुलुखियाच्या पालेभाजीत लसणाची फोडणी ओतताना माजिदा केवढ्यानं श्वास ओढायची, आठवतं? ते पोरीनं भर रस्त्यात करून दाखवलं. शेजारून जाणारा म्हातारा दचकून थांबला आणि "ला इलाहा इल्लल्लाह" म्हणत पुढे गेला. आम्ही कठड्याला धरून हसलो. किती दिवसांनी तिला अशी हसताना पाहिलं! घरी येऊन कपाटातले माजिदाचे फोटो बाहेर काढले, एक तिच्या पलंगाशी लावला. दुसऱ्या दिवशी सुहैरबाईंना जाब विचारला, तर म्हणतात, "अगं, आई गेली त्यात सांगण्यासारखं काय वाईट होतं?"

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण माजिदाचं नाव निघेलसं वाटलं की तुझी लाईन खराब होते, ते मला ठाऊक आहे. येत्या शुक्रवारी तू फोन करशील तेव्हा मी नाही, जुमाना उचलणार आहे. माजिदाच्या शेवटच्या दिवशी तू पोरीला खोलीबाहेर पाठवलंस. त्यानंतर आई काय बोलली, तिनं आपलं नाव घेतलं का, एवढं तिला तुझ्याकडून ऐकायचंय. मला कुणी सावध केलं नव्हतं. तुला मी करतेय. पोरीची काळजी करू नकोस, तिला झेपेल. तुला नाही झेपणार. कुणाला तरी शेजारी घेऊन बस, हवं तेवढं रड, पण बाबा रे, फोन ठेवू नकोस.

तुझीच ताई,
इन्शिराह