चवथीला मीच सांगणार

ती. बाबांस सुविधाचा वास्कोहून नमस्कार.

मी बरी आहे. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते.

माझ्या तपासणीत जनुकातला दोष निघाला, आपल्या घराण्यातून आलेला. त्याने आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मला कॅन्सर झालेला नाही.

धाकट्या सेजलचं लग्न ठरेपर्यंत गप्प राहा म्हणता. नाही राहणार. आजोबा आणि आत्या ह्याच कॅन्सरने गेले, आणि आपण देवळात रवळनाथाला कौल लावत बसलो. चवथीला गणपतीसाठी सगळे इब्रामपूरला घरी जमले की मीच सांगणार.

तुम्हाला शौचाला रक्त पडतं, असं आई म्हणाली. तुम्ही मूळव्याध म्हणता. आत्याही शेवटपर्यंत मूळव्याधच म्हणायची.

सोमवारी तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला येते. नको म्हणालात तर दारातच बसून राहीन.

तुमची हट्टी लेक,
सुविधा