जलदानाच्या दिवशीची सही

मिरजगाव, रविवार

भीमराज भाऊजी,
जय भीम.

तुमच्या दादांच्या कर्जासाठी पतसंस्थेने वारस म्हणून माझ्यावर दावा लावलाय. कोर्टाची नोटीस आली तेव्हा पोस्टमन म्हणाला, "बाई, कुणाकडनं तरी वाचून घ्या." दुकानांच्या पाट्या बघून शिकलेली बाई मी. त्याच्यासमोरच ओट्यावर बसून सगळी वाचली.

तुम्ही फोनवर म्हणालात, "वहिनी, चार हजारासाठी कोर्टात कुठं जाताय? भरून टाका न् मिटवा." भरलेही असते. पण नोटिशीसोबत कर्जाच्या कागदाची झेरॉक्स आहे. त्यावर दादांच्या सहीची तारीख नऊ मार्च आहे. त्यांना जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. त्याच दिवशी अंगणात त्यांचा जलदान विधी चालू होता आणि मृत्यूच्या दाखल्याला लागतं म्हणून तुम्ही त्यांचं आधार कार्ड मागून नेलंत. मीच पेटीतून काढून दिलं.

त्या माणसाने जन्मात चहासुद्धा उधार प्यायला नाही. मी पैसे भरले, तर हे कर्ज त्यांचंच ठरेल. ते मी होऊ देणार नाही. गुरुवारी दाखला घेऊन कर्जतच्या कोर्टात उभी राहीन. कार्ड कुणी नेलं, असं साहेबांनी विचारलं तर तुमचं नाव सांगेन.

हे तुम्हाला आधी कळवावं म्हणून लिहायला बसले. पण वाचून तुम्ही दारात येऊन रडाल. तुमचा आवाज थेट त्यांच्यासारखा आहे, भाऊजी. तो ऐकला की माझं मन फिरेल. म्हणून हे पत्र मी पोस्टाच्या पेटीत टाकणार नाही.

तुमच्या दादांची बायको,
यशोधरा