समोरची जागा

आई, तू एकदा म्हणाली होतीस, "समोर बसू नकोस, तिथून सगळं उलटं दिसतं. इकडे शेजारी ये." आज सकाळपासून मी ते वाक्य स्वतःशीच म्हणतेय आणि हसतेय. मला विणता येतं, आई. खरंच येतं! फिकट पिवळ्या लोकरीचं एक टोपडं माझ्यापुढे टेबलावर आहे, त्याला दोन बंद आहेत, आणि ते चक्क टोपड्यासारखं दिसतंय. मी दर थोड्या वेळाने ते मुठीवर चढवून बघते.

तुझ्या त्या दुपारी आठवतात. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, मधोमध तू, आणि दोन्ही बाजूंना तुझ्या हाताकडे बघत बसलेल्या बायका. "पनवेलात कसली गं थंडी?" असं शेजारच्या काकू चिडवायच्या, आणि सुया न थांबवता तू म्हणायचीस, "थंडी नसली तरी बाळाला टाळू असतेच ना. वारं लागतं." मी तुझ्या कुशीशी बसलेय. तू माझी सुई डाव्या हातातून काढून उजव्यात देतेस, मी टाका घेते, सुई आपोआप परत डाव्यात येते. डाव्या हाताचा तुला राग नव्हता. मी त्या हाताने प्रसाद घेतला म्हणून मामी बोलल्या, तेव्हा "दोन्ही हात देवानेच दिलेत, त्याला चालतात," म्हणून त्यांना गप्प केलं होतंस तूच. पण डाव्या हाताने विणायचं कसं, हे तुला स्वतःलाच माहीत नव्हतं. एकदा शेजारी जागा नव्हती म्हणून मी समोर बसले, आणि तुझे हात बघता बघता माझे हात काहीतरी करायला लागले. तेवढ्यात तू मान वर केलीस आणि ते वाक्य म्हणालीस. मी उठून शेजारी आले. पुढे कधीतरी तू सुया काढून घेतल्यास. "राहू दे बाळा, तू लड धर." मग मी दोन्ही हात पुढे करून लोकरीची लड धरायची आणि तू गुंडा करायचीस. लड धरायला डावं-उजवं लागत नाही.

उद्या बारसं आहे. तुझ्या लेकाला मुलगी झाली, आई, इतक्या वर्षांनी! आत्या म्हणून तिच्या कानात नाव मी सांगणार. त्याला फोनवर मी बोलून गेले, "टोपडं मी विणून आणते." तो तिकडे द्रोणागिरीच्या त्याच्या घरातून एवढ्या मोठ्याने हसला की मी फोन कानापासून लांब धरला. "ताई, तू? तू लड धर! टोपडं मी विकत आणतो." आणि मग त्याचा आवाजच बदलला. "आई गेली, आणि तिच्या हातचं एकसुद्धा आपल्याकडे उरलं नाही गं. सगळ्या गावाच्या पोरांना वाटून टाकलं तिने." त्यानंतर विकतचं टोपडं नेणं मला शक्यच नव्हतं.

मी उरणच्या मावशींना बोलावलं. तुझ्या सतरंजीवर तुझ्या उजव्या हाताला बसायच्या, त्या. आता त्यांची नातवंडंही मोठी झालीत. आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन, तुळस आणि उरलेल्या जागेत समोरासमोर दोन खुर्च्या, एवढंच मावतं. मावशी दारात उभ्या राहिल्या. "अगो बाय, शेजारी बसाला जागा कुठं हाय इथं? तुजी आय तर समोर कुनाला बसू देत नव्हती."

"आत पंखा लावते, सोफ्यावर बसू या."

"नको, उजेड इथं हाय. बसते अशीच. गुडघ्याला गुडघा लागंल, दुसरं काय?"

त्यांनी उजव्या सुईने टाका उचलला. माझ्या समोर तो डावीकडे होता. मी डाव्या सुईने उचलला. त्यांनी लोकर फिरवली, मी फिरवली. आई, मला काही समजून घ्यावंच लागलं नाही! मावशींचे हात म्हणजे आरसा होता आणि मी नुसती त्याच्यात बघत होते. ओळ संपली तेव्हा मी ओरडलेच. मावशींनी सुई खाली ठेवली. "आमी इतक्या बायका होतो तितं," त्या म्हणाल्या, "एकीच्या पन डोक्यात आला नाय." मग स्वतःच हसत सुटल्या. "आता रडतेस कशाला? टाकं गळतील!"

त्या दिवसापासून सुया हातातून सुटल्या नाहीत. तळोज्याच्या कारखान्यांकडून वास आला की दारं लावून आत विणते, वास गेला की परत गॅलरीत. सुलट, उलट, सुलट. हा आवाज मी लहानपणी फक्त ऐकत होते, आता तो माझ्या हातातून येतोय.

आता एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. परवा कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून मी आत गेले, तेवढ्यात मावशींनी मदत म्हणून एक ओळ विणून टाकली, त्यांच्या उजव्या हाताने. माझ्या टाक्यांवर त्यांचा हात उलट्या बाजूने चालला आणि त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याला पीळ पडला. टोपडं शिवून झाल्यावर मला ते दिसलं. कपाळाच्या जरा वर, कानापासून कानापर्यंत, एक घट्ट रेघ. एक टाका चुकला तरी तू हातभर विणलेलं उसवायचीस. माझ्याकडे उसवायला वेळ होता, अजूनही आहे. पण मी उसवणार नाही. डावा हात थांबला आणि उजवा सुरू झाला, ती जागा आहे ती. उजव्या हाताची ती वीण मावशींना तूच शिकवलीस. म्हणजे उद्या बाळाच्या डोक्यावर तुझ्या हातचं थोडंसं असणारच. तुझ्या लेकाला ते मी दाखवीन, बोट लावून.

लोकर थोडी उरली आहे. तू गुंड्याच्या पोटात जुन्या कागदाची घडी घालायचीस, तशी या पत्राची घडी करून त्यावर ती गुंडाळणार आहे. म्हणजे हे कुठेच जायचं नाही. त्याआधी एकच मागते. गॅलरीतली ती दुसरी खुर्ची रिकामी आहे. एकदाच, एका ओळीपुरती, माझ्या समोर येऊन बस. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. इकडे शेजारी ये, म्हणशील.