तीन नंबरची टाकी

३ फेब्रुवारी
बायकोने लावलेल्या रांगेतली द्राक्षं आज तोडली. चाळीस क्रेट. साखर योग्य. सगळा माल वाइनसाठी तीन नंबरच्या टाकीत. मेहुण्याला सांगितलं, ही टाकी मी बघणार. ती रोज सकाळी टाकी हुंगायची आणि टाकीवरच्या पाटीवर खडूने एक शब्द लिहायची. आता ते काम माझं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, त्याला नाक लागतं. बावीस वर्षं इथले पंप सांभाळले, एक नाक सांभाळता येणार नाही?

४ फेब्रुवारी, सकाळी ७
हुंगलं. पाटीवर लिहिलं: अबोल. जरा सर्दी आहे. आजपासून रोज वाफ घेणे.

९ फेब्रुवारी
भाजी करपली. शेजारीण दार वाजवून म्हणाली, काका, घर पेटवताय का? म्हटलं, खमंग केलीये.
वाफ उद्यापासून.
बायकोची शाल मेहुण्याची बायको धुवायला मागत होती. दिली नाही. धुतली की तिचा वास जाईल. कपाट उगाच उघडायचं नाही, असं ठरवलंय.

१५ फेब्रुवारी
आंबणं संपलं. वाइन गाळून झाकण लावलं. पाटी: संयमी. मेहुणा म्हणाला, यंदाची टाकी तुमच्यावर गेलीये. कौतुकच म्हणायचं.

२४ फेब्रुवारी
पाटी: लाजाळू. वेळ दिला की खुलेल.
डॉक्टर म्हणाला, नाक साफ आहे, सर्दी नाहीच. कधीपासून, विचारलं. म्हटलं, ऑक्टोबरपासून. घरात काही झालं होतं का? म्हटलं, बायको गेली, पण त्याचा काय संबंध? नवीन डॉक्टर आहे. शिकेल.

२ मार्च
मेहुणा आज दारातच थांबला. नाकाला रुमाल. म्हणाला, भाऊजी, व्हिनेगर झालंय. झाकणाचं रबर फाटलं होतं, हवा जात होती. म्हणाला, रोज हुंगत होतात ना? म्हटलं, रोज. त्याने पाटी वाचली. हसला नाही. हळूच म्हणाला, ताई गेल्यापासून तुम्हाला वासच येत नाही ना? म्हटलं, सर्दी आहे.
टाकी रिकामी केली. पंप मीच चालवला. पंप उत्तम चालला.
घरी आलो. कपाट उघडलं. शाल नाकाला धरली. बराच वेळ. मग उलटी करून दुसऱ्या बाजूने धरली.
बादलीत कोमट पाणी घेतलं, साबण घातला, शाल भिजत टाकली.