हॉरियाचं दुखणं

१४ नोव्हेंबर

हॉरियाला गाठ आहे. डाव्या वृषणात. सात महिने दुखत होतं म्हणे. मला आज कळलं — तेही सुनेकडून.

ओतिलिया दुपारी शाळेत आली. माझ्या खोलीत एक मुलगी पोटात दुखतंय म्हणून पडली होती, म्हणून आम्ही दोघी बाहेर जिन्यापाशी गेलो. ती म्हणाली, "आई, रागावू नका. त्याने शपथ घातली होती." मग सांगितलं. मी विचारलं, केवढी आहे? तिने अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. अक्रोडाएवढी.

अठ्ठावीस वर्षं शाळेची नर्स आहे मी. दरवर्षी मोठ्या मुलींना वर्गात बसवून छाती कशी तपासायची ते शिकवते. आणि हे माझ्या घरात.

१५ नोव्हेंबर

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. तो बटाटे सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "बोलली ना ती."

"मला का नाही सांगितलंस?"

"गोलकीपर आहे मी, आई. तिथे बॉल लागतोच. नेलूकाका म्हणाले, बर्फ लाव आणि उभा राहा."

नेलू त्याचा हँडबॉलचा प्रशिक्षक. दुखणं गेलं नाही तेव्हा हॉरिया गावातल्या डॉक्टरकडे गेला होता. त्यांनी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले, सोनोग्राफी करू. गोळ्यांनी ठणका कमी झाला. हा गेलाच नाही. सामने होते.

"आता कंबरही दुखते," तो म्हणाला. "पण ती बसच्या सीटमुळे." रोज गलातीपर्यंत बस चालवतो.  कंबर म्हटल्यावर मी त्याच्या हातातली सुरी काढून ठेवली; अशी गाठ पसरली की कंबर दुखते.

२२ नोव्हेंबर

याश शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हॉरियाची शस्त्रक्रिया झाली. डावं वृषण काढलं. पोटातल्या गाठींत, फुप्फुसांत पसरलंय.

डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. "हा कर्करोग बहुतेक जणांचा बरा होतो. लवकर आले तर जवळजवळ सगळ्यांचा." मग फाइल मिटून म्हणाले, "आपण उशिरा आलो आहोत. तरी लढू."

औषधं सुरू करायच्या आधी त्यांनी विचारलं, पुढे मूल हवं आहे का? वीर्य गोठवून ठेवता येईल. हॉरिया लाल झाला. माझ्याकडे बघितलं त्याने. मी पर्स उचलून बाहेर गेले. सव्वीस वर्षांचा मुलगा, मरणाच्या दारात, आणि मी लाजून बाहेर!

९ डिसेंबर

औषधांची पहिली फेरी झाली. केस गेले. कशालाच चव नाही म्हणतो. आंबट सूप केलं होतं, दोन चमचे घेतले.

२५ डिसेंबर

नाताळ. माझा नवरा साविन सबंध दिवस अंगणात लाकडं फोडत होता. तीन हिवाळे पुरतील एवढी. मी हाक मारली तर म्हणाला, "तू जा आत. त्याच्यासमोर माझ्याच्याने बसवत नाही." बाप आहे, रडायला जागा शोधत होता.

१८ जानेवारी

रक्तातले कर्करोगाचे आकडे उतरले! डॉक्टर पहिल्यांदा हसले. परतताना हॉरियाने गाडी थांबवायला लावून ओतिलियाला भाजलेलं कणीस घेऊन दिलं. स्वतः अर्धं खाल्लं. "आई, एप्रिलपर्यंत उभा राहतो की नाही बघ गोलात." मी म्हटलं, बसशील गप. तो म्हणाला, "तू शिट्टी वाजवणार का?"

१ मार्च

पलंगावरून उठवत नाही त्याला. तरी वसंताच्या पहिल्या दिवशी बायकांना बांधतात तो लाल-पांढरा दोरा ओतिलियाकडून मागवून माझ्या कोटाला स्वतः बांधला. गाठ बसेना. बोटं बधिर झालीत औषधांनी. मी मदत करायला गेले तर म्हणाला, "हात काढ." पाच मिनिटं लागली.

८ मार्च

ताप. औषधांनी पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर. पुन्हा याशला.

१२ मार्च

सकाळी साडेनऊला गेला.

२० एप्रिल

चाळिसावा दिवस. चर्चमध्ये प्रार्थना झाली, मग घरी सगळ्यांना साखर घातलेले शिजवलेले गहू वाटले. सगळा संघ आला होता. उंचच्या उंच पोरं, वाट्या हातात घेऊन भिंतीला टेकून उभी.

नेलू जवळ आला, "वहिनी..." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "बर्फ लाव म्हणालास ना? लाव आता." सगळ्यांसमोर. म्हातारा वाटी ठेवून निघून गेला.

तेवढ्यावर थांबले नाही. स्वयंपाकघरात ओतिलियाला धरलं. "रोज शेजारी झोपत होतीस. तुला कळलं नाही? सात महिने?" ती ताटं पुसत होती. पुसतच राहिली. शेवटचं ताट ठेवून म्हणाली, "आई, गहू अजून उरलेत. शेजारी देऊन येते."

साविन म्हणाला, "त्या पोरीला कशाला?"

मग कुणाला? कुणाला तरी बोलायलाच हवं ना.

४ मे

ओतिलिया आली होती. गोठवलेल्या वीर्याचा कागद आलाय. हॉरियाने तिथे लिहून ठेवलं होतं — मी नसलो तर ठेवू नका. "तिला मोकळं राहू दे," असंही. ती कागद दाखवून परत घेऊन गेली. मी तिला बस म्हटलं नाही.

२१ मे

मुलग्यांचा वर्ग घ्यायला मुख्याध्यापिका नको म्हणत होत्या. "पोरांच्या आया भांडायला येतील." मी म्हटलं, येऊ देत. मीही एक आई आहे.

वरच्या वर्गातले बावीस मुलगे. वृषण हा शब्द उच्चारल्याबरोबर खिदळले. मी वाट बघितली. मग सांगितलं. एकाएकी जोरात दुखलं, उलटी आली, तर वृषणाला पीळ बसलेला असू शकतो — तासाभरात दवाखाना गाठा, सहा तास उलटले की बरेचदा ते वाचत नाही. ताप, सूज, लघवीला जळजळ — संसर्ग, डॉक्टरांच्या गोळ्यांनी जातो, पण गोळ्या संपवायच्या आणि परत दाखवायचं. मार लागून दुखलं तर तेही दोन दिवसांत उतरायला हवं. कधी शिरा फुगतात, उभं राहिलं की जड वाटतं. कधी मूतखड्याची कळ खाली उतरते. खेळताना जांघेला आधार देणारी चड्डी वापरा. आणि महिन्यातून एकदा, गरम पाण्याने आंघोळ झाली की स्वतःच्या हातांनी चाचपा. कडक काही लागलं, दुखो न दुखो, त्याच आठवड्यात सोनोग्राफी.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "लाज वाटली तर, सिस्टर?"

"मला सांगायला लाज वाटली तर आईला सांग," मी म्हटलं.  घंटा होईपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

२ जून

कुठे लिहिलं नाही ते लिहिते. इतके दिवस या वहीपासूनही लपवलं.

हॉरिया तीन वर्षांचा असताना त्याचं डावं वृषण खाली उतरलं नव्हतं. शस्त्रक्रिया करून उतरवलं. साविन रेल्वेच्या कामावर होता, मी एकटी होते. सर्जन म्हणाले, "मोठा झाला की त्याला सांगा, दर महिन्याला हाताने तपासायचं. अशा मुलांना पुढे धोका जास्त असतो. तुम्ही नर्स आहात, विसरू नका."

विसरले नाही. तेरा वर्षांचा झाला तेव्हा वाटलं, बापाने सांगावं. बापाला मी धोक्याचं बोललेच नव्हते. अठराव्या वर्षी वाटलं, आता काय सांगायचं, मिशा आल्या त्याला. लग्न झालं तेव्हा वाटलं, आता बायको आहे.

नेलूला माहीत नव्हतं. त्या डॉक्टरला माहीत नव्हतं. ओतिलियाला माहीत नव्हतं. मला एकटीला माहीत होतं.

३ जून

ओतिलियाकडे गेले. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, खुर्ची ओढून दिली.

म्हणाली, "माहीत आहे, आई. याशला डॉक्टरांनी जुना व्रण बघून त्याला विचारलं होतं, दर महिन्याला तपासायचं असं घरी कुणी सांगितलं नव्हतं का? त्याच दिवशी त्याने माझ्याकडून वचन घेतलं — आईला यातलं कधी काही बोलू नकोस."