तेवीस नंबरचा बिल्ला

सोमवार, १२ जून

प्रभूच्या कृपेने आम्ही पाचही जण वेळेवर बोटीवर चढलो. आमच्या गावच्या, पीटर्सबर्गच्या, धक्क्यावर मासेमारीच्या बोटी रोज बघते, पण पाहुणी म्हणून बोटीत बसायची ही पहिलीच वेळ. सासूबाईंना परवा ऐंशी पूर्ण होतात. सगळ्यांनी मिळून आठवडाभर हिमनद्या बघत फिरायचं, ही त्यांचीच हौस. केबिन लहान पण स्वच्छ. घरून बटाट्याच्या पोळ्या डबाभर करून आणल्यात, म्हणजे मधल्या वेळेची चिंता नाही.

सासूबाईंनी सगळ्यांना एकसारख्या लाल टोप्या विणल्यात. माझा लोवेल तेरा वर्षांचा, तो वैतागला. म्हणाला, आजी, आग विझवायचा बंब दिसतोय मी. त्यावर सासूबाई म्हणाल्या, दिस की, धुक्यात हरवणार तरी नाहीस. लोकर कमी पडली म्हणून माझ्या नवऱ्याच्या, हार्लनच्या, टोपीची कड तपकिरी आहे. आईसमोर तो बिचारा काय बोलणार!

जिन्यापाशी एक फळी आहे. तिच्यावर प्रत्येक उतारूच्या नंबराचा बिल्ला. किनाऱ्यावर जाताना लाल बाजू पुढे करायची, परत आलं की पांढरी. कप्तानाच्या हाताखालचे प्रुइट दहादा बजावत होते, की ज्याचा त्याने फिरवायचा, बायकोने नवऱ्याचासुद्धा नाही. बोट माणसं बघून निघत नाही, फळी बघून निघते.

जेवणाआधीची प्रार्थना सासूबाई अजून नॉर्वेजियनमध्येच म्हणायला लावतात. आमची डॅग्नी आठ वर्षांची, दुसऱ्या ओळीत हमखास अडखळते. लोवेल लगेच म्हणाला, आजी, हिच्या घशात मासा अडकला बघ. डॅग्नीने त्याला टेबलाखालून लाथ मारली. हसूनहसून पुरेवाट. दिवस छान गेला.

बुधवार, १४ जून

हिमनदीच्या तोंडाशी, गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरलो. वाढदिवसाच्या सासूबाई भलत्याच खुशीत. पण त्यांचे गुडघे दुखायला लागले, म्हणून मी त्यांना घेऊन पहिल्या होडीने बोटीवर परतले. पोरं हार्लनबरोबर मागे राहिली. तेवढ्यात धुकं उतरलं. मी कठड्यापाशी उभी राहून दुसऱ्या होडीतल्या टोप्या मोजल्या. एक मोठी, एक मधली, एक छोटी. हुश्श केलं. डॅग्नी वर चढली ती तडक केबिनमध्ये पळाली. प्रुइट ओरडले, तेवीस नंबर कोण? माणसं खोळंबलीत! तेवीस डॅग्नीचाच. म्हटलं, गारठलेल्या पोरीला कुठे परत बोलवा. मीच फिरवला. बोट निघाली.

गुरुवार, १५ जून, सकाळ

डॅग्नी गप्प आहे. थंडी बाधली असेल. वेण्या दोनदा पुसल्या तरी ओल्याच, उशीही भिजलेली. न्याहारीला तिने सगळी प्रार्थना न अडखळता म्हटली. सासूबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, अगदी माझ्या आईसारखे उच्चार गं! लोवेलने चिडवलं, तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुपार

ओले कपडे वाळत घालायला पिशवी उपसली. तळाशी छोटी लाल टोपी. काल ओढ्यात पडली, तेव्हा मीच पिळून आत टाकली होती. डॅग्नीच्या डोक्याला माझा निळा रुमाल बांधला होता. निळा. मग होडीतून आली ती छोटी लाल टोपी कुठली? तीही आहे, समोर खुंटीवर. एक तिथे, एक माझ्या हातात.

सासूबाईंना विचारलं, जास्तीची विणली होती का? म्हणाल्या, वेडी का तू? लोकर असती तर हार्लनला तपकिरी कड लावली असती का?

हार्लनला विचारलं, डॅग्नीला होडीत तू बसवलंस ना? तो म्हणाला, मला वाटलं ती तुझ्याबरोबर पुढे गेली. मग होडीपाशी आलो, तर ही आधीच बसलेली.

आधीच.

मग तिला विचारलं, ही टोपी कुणी दिली? म्हणाली, आईने. मी दिली नाही.

शुक्रवार, १६ जून

कप्तानांना सांगितलं, बोट फिरवा, माझी मुलगी किनाऱ्यावर राहिलीय. त्यांनी फळी बघितली. सगळी पांढरी. प्रुइटनी विचारलं, तेवीस कुणी फिरवला? मी, म्हटलं. मग कप्तान समजुतीने म्हणाले, बाई, तुमची मुलगी खाली पॅनकेक खातेय. चाळीस उतारूंना मी काय सांगू?

खात नाही ती. कुस्करते.

हार्लन म्हणाला, अल्मा, लोक बघतायत, पुरे आता. झोपेची गोळी दिली. त्याची पाठ वळताच थुंकून टाकली. मला वेड लागलेलं नाही. माझ्या पोरीच्या दोन रात्री त्या गोट्यांवर गेल्या — डोक्याला नुसता रुमाल — आणि बोट पुढेच चाललीय. माझ्या हाताने फिरवला मी —

वायरलेसवाल्याच्या हातापाया पडले. जवळच्या मासेमारी बोटींना कळवतो म्हणाला.

शनिवार, १७ जून

सापडली! प्रभो, उपकार तुझे! एका बोटीला किनाऱ्यावर दिसली. जिवंत. निळा रुमाल. नाव विचारलं तर डॅग्नी सांगते. आमची बोट थांबलीय, ते तिला घेऊन येतायत.

हार्लन पांढराफटक. खालच्या पोरीचं कुणी नाव घेत नाही. तिला केबिनमध्ये कोंडायचं ठरलं, पण जवळ बसायला कुणी तयार नाही. चूक माझी, म्हटलं, मीच बसते.

दुपार

पलंगावर बसलीय. भिंतीकडे तोंड. मी आतून कडी लावून लिहितेय.

धक्का बसला — मासेमारी बोट येऊन टेकली. वर हार्लन रडतोय, सापडली गं, सापडली! — जिन्यावर पावलं —

आता बोलली ही. आपणहून, पहिल्यांदाच. म्हणाली, तिला आत घेऊ नकोस. तीही तुझी नाही. आम्ही दोघी होतो तिथे.

मी विचारलं, मग माझी —

म्हणाली, तुझी अजून तिथेच बसलीय. तू म्हणालीस ना, इथेच बस, हलू नकोस, मी आलेच. म्हणून उठली नाही.

हे मी सासूबाईंना होडीत बसवायला जाताना डॅग्नीच्या कानात सांगितलं होतं. दुसरं कुणीच नव्हतं —

दार वाजतंय. आई, उघड ना, म्हणतेय. आवाज तिचाच — हुबेहूब —

इंजिन सुरू झालं. घराच्या दिशेने. कप्तानांना सांगायला हवं, आत्ताच्या आत्ता, पण दाराबाहेर ती, आणि ही उठून कडी धरून उभी —